तीन मिनिटं वीस सेकंदांचं सहस्रचंद्रदर्शन

पोटासाठी मी दुसऱ्यांच्या चुका काढतो. मानेसरच्या आयएमटीत, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. एखादी पिन दहा मायक्रॉनने जाड निघाली तर मी चष्मा कपाळावर सरकवतो, ओठ आवळतो आणि समोरच्या पोराकडे असा बघतो की ते बिचारं डिप्लोमाला का गेलो म्हणून हळहळू लागतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ चांगल्या पंधरा मीटर लांबीच्या वस्तूचा झाला, आणि तो घालणारा मी होतो.

चहा घ्या, सांगतो.

आईला सांगलीहून इकडे आणलं तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत नानांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, सुपर ८ कॅमेरा सापडला. नाना फार शिस्तीचे. कुठल्या दिवशी काय टिपलं, ऊन होतं की ढग, किती फूट फिल्म उरली, हे सगळं ते एका डायरीत लिहीत, आणि संपलेली फिल्म पिवळ्या पाकिटात घालून टपालाने धुवायला पाठवीत. त्यांची कोडॅक्रोमची चार रिळं त्याच ट्रंकेत होती. १९७८ साली पन्हाळ्यावर उभ्या असलेल्या आईच्या साडीचा लाल रंग त्यात अजून तस्साच आहे, अंधारात ठेवलं तर कोडॅक्रोमचे रंग सहसा उडत नाहीत म्हणून. नानांचा हात स्थिर, नेम पक्का. वारसाहक्काने मला फक्त कॅमेरा मिळाला.

मे महिन्यात आईला ऐंशी वर्षं पूर्ण होऊन वर दहा महिने होणार होते. म्हणजे हजार पौर्णिमा. सहस्रचंद्रदर्शन इथेच, मानेसरच्या फ्लॅटमध्ये करायचं ठरलं, आणि जेवणाचा मेनू ठरत असताना मी मध्येच जाहीर केलं की या सोहळ्याचं चित्रण नानांच्या कॅमेऱ्यावर, खऱ्या फिल्मवर होईल. बायकोने विचारलं, "मोबाइल बिघडलाय का?" त्यावर मी जे व्याख्यान दिलं त्यात चांदीच्या क्षारांपासून नानांच्या आत्म्यापर्यंत सगळं आलं. संपलं तेव्हा समोर कोणी नव्हतं.

आता फिल्म निवडायची. आठ मिलिमीटर म्हणजे आठ मिलिमीटर, त्यात निवडायचं काय, असा माझा समज. मी ऐटीत मागवली, आणि एक गोल चकती आली. कॅमेऱ्याचा खण चौकोनी. गोल वस्तू चौकोनी खणात बसत नाही हे कळायला मला पाऊण तास लागला, आणि मध्ये एकदा मी ती जरा दाबूनही पाहिली. मागाहून कळलं की आठ मिलिमीटरमध्येही दोन घराणी आहेत. जुनं १९३२चं. त्यात सोळा मिलिमीटर रुंदीची पंचवीस फूट फिल्म एका बाजूने चालवायची, मग चकती उलटी करून दुसऱ्या बाजूने, आणि धुवून झाल्यावर ती मधोमध चिरून दोन्ही पट्ट्या जोडायच्या की झाली पन्नास फूट. एखाद्या काटकसरी आजीने धोतराचे दोन पंचे करावेत तसला प्रकार. दुसरं घराणं १९६५चं, सुपर ८. फिल्मच्या कडेची भोकं लहान केली, वाचलेल्या जागेत चित्र मोठं केलं, आणि सगळं प्लास्टिकच्या चौकोनी कार्ट्रिजमध्ये बंद केलं. कोणाही बावळटाला भरता यावं म्हणून. माझा विचार त्यांनी केला असावा, पण पुरेसा नाही.

दुसऱ्या वेळी मी चौकोनी मागवली आणि नानांच्या प्रेमापोटी नेमकी कोडॅक्रोम मागवली. जुनी, मुदत कधीच टळलेली, पण पाकीट सीलबंद, आणि स्वस्त! स्वस्त का, हे विचारायचं राहिलं. या फिल्ममध्ये रंग मुळात नसतातच. ते धुताना, एका भयंकर किचकट प्रक्रियेत, एकेका थरात भरावे लागतात. ती प्रक्रिया करणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स नावाच्या गावी होती, आणि तिने २०१० साल संपता संपता कोडॅक्रोम घेणं बंद केलं. म्हणजे मला फक्त चौदा-पंधरा वर्षांचा उशीर झाला होता. कारखान्यात कच्चा माल घेताना मी पुरवठादाराकडून अकरा कागद मागून घेतो, बरं का.

शेवटी पुण्यातल्या एका मित्राला फोन केला. त्याचं आयुष्य फिल्मच्या वासात गेलंय. तो म्हणाला, "रंगीत निगेटिव्ह घेऊ नकोस, तिच्या पाठीला काजळीचा काळा थर असतो, तो खरवडत बसशील. ब्लॅक अँड व्हाइट घे, ट्राय-एक्स. रिव्हर्सल आहे, म्हणजे धुतली की थेट चित्र, प्रोजेक्टरवर चढवायची आणि बघायची. पण घरी धुऊ नकोस, लॅबला पाठव. धुवायचीच असेल तर आधी एखादं फालतू कार्ट्रिज धुऊन बघ." यातलं पहिलं निम्मं मी वहीत उतरवून घेतलं. ऐकू कमी येण्याची तक्रार आमच्या घरात एकट्या आईचीच आहे असं नाही.

कार्ट्रिजला मराठीत मी लाडाने काडतूस म्हणू लागलो होतो. एका संध्याकाळी कुरिअरची वाट बघून कंटाळलो आणि सोसायटीच्या गेटवर जाऊन आमच्या घरगुती हिंदीत विचारलं, "भैया, मेरा कारतूस आया क्या?" पहारेकरी खुर्चीतून उठला. मला वाटलं, आदराने. म्हणून मी अधिक माहिती पुरवली, "इतवार को घर में शूट करना है ना, मां का." आता, मानेसरला राष्ट्रीय सुरक्षा दलाचा, म्हणजे ब्लॅक कॅट कमांडोंचा, मोठा तळ आहे. तिथे असली वाक्यं मोठ्याने बोलू नयेत. पुढचा अर्धा तास मी, सोसायटीचे सेक्रेटरी आणि दोन पहारेकरी असे चौघे एका लहानशा पिवळ्या खोक्याभोवती उभे होतो. ते मीच उघडायचं, असा त्यांचा आग्रह होता.

फिल्म थंडीत ठेवावी म्हणतात, तेव्हा दोन्ही कार्ट्रिजं फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे गेली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जातो तो काय, बायको ट्राय-एक्सची चांदी फाडून आत डोकावतेय. "मला वाटलं चीज आहे." मी ओरडलो. असा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या सरदारजींनी वर फोन केला. मग सोफ्यावर आडवा झालो. नाना, पन्हाळा, लाल साडी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. संध्याकाळी पुण्याच्या मित्राने सांगितलं की कार्ट्रिज मुळातच बंद असतं, उजेडात हाताळायलाच केलेलं, खिडकीशी दिसणाऱ्या फार तर दोन-चार फ्रेम जातील. बायकोने हे ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मग ओरडलात कशाला?"

आणि एक भानगड राहिलीच. या कॅमेऱ्याची मोटर पेन्सिल सेलवर चालते, पण उजेड मोजणाऱ्या मीटरला दोन वेगळे चपटे सेल लागतात. पाऱ्याचे, बरोबर १.३५ व्होल्टचे. पारा विषारी म्हणून ते बाजारातून गेले. त्याच आकाराचे नवे सेल दीड व्होल्टचे, त्यांवर मीटर खोटं बोलतो. जवळात जवळचा पर्याय म्हणजे श्रवणयंत्रात घालतात तो ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, १.४ व्होल्टचा. आईचं श्रवणयंत्र ६७५चंच. घरात नेमके दोन सेल शिल्लक, एक या कानाचा, एक त्या कानाचा. नवीन पाकीट सोमवारी येणार होतं आणि कार्यक्रम रविवारी. एका दिवसाचा तर प्रश्न! आईला मी नीट समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. सेल मी आधीच काढून घेतले होते, त्यामुळे तिने नक्की कशाला मान डोलावली कोण जाणे.

रविवारी सकाळी साडेसात वाजता आई नवी साडी नेसून बाल्कनीत खुर्चीवर बसली होती. समोर अरवलीची टेकडी, आणि मेच्या मानाने जरा सुसह्य ऊन. मी कद नेसलेला, उघडाबंब. मी कॅमेरा तिच्या हातात दिला, म्हटलं, "हा बघ, नानांचा." तिने तो असा सहज डोळ्याला लावला, जणू काल पन्हाळ्याहून आलो आम्ही. आणि बोट नेमकं चापावर. खर्रर्र. सुपर ८चं गणित क्रूर असतं. पन्नास फूट, छत्तीसशे फ्रेम, सेकंदाला अठरा, की तीन मिनिटं वीस सेकंदांत खेळ खलास, आणि माझ्या वहीत त्यांतल्या एकेका सेकंदाचा हिशेब मांडलेला, ओवाळणीला पस्तीस, तुलेला चाळीस, नातवंडांना वीस, असा. मी ओरडत होतो, हात हलवत होतो, आई कौतुकाने माझ्याकडे कॅमेरा रोखून बसली होती. कसाबसा तो काढून घेतला, पिशवीत टाकला आणि गुरुजींना आणायला खाली पळालो. पिशवीत पळी-पंचपात्र होतं. त्यातली पळी चापावर बसली. परत आलो तर घरात कसलीशी घरघर, सगळ्यांना वाटलं फ्रिजचा कॉम्प्रेसर. मीही एकदा फ्रिजला हात लावून बघितला.

बाकी कार्यक्रम यथासांग झाला. तुलेचा काटा मी कारखान्यातून आणला होता, कॅलिब्रेशनच्या स्टिकरसकट, गुरुजींनी त्यालाही कुंकू लावलं. गुरुजी "बसा" म्हणत तेव्हा आई उठे, "पाणी सोडा" म्हणत तेव्हा नमस्कार करी, आणि जमलेली मंडळी म्हणत होती की बाई अगदी भारावून गेल्यात. शेवटी पुतणी म्हणाली, "आजी, दोन शब्द बोल ना." खुणेने का होईना, आईला ते कळलं आणि ती मिनिटभर इतकं सुंदर बोलली, नानांबद्दल, सांगलीच्या घराबद्दल, की दोघीतिघींनी डोळे पुसले. मी ते सगळं टिपलं. फिल्म मुकी असते हे मला टिपून झाल्यावर आठवलं.

राहता राहिलं धुणं. लॅबला पाठवा, असं मित्राने सांगितलं होतं, बायकोने सांगितलं, पुतणीने तर पत्ता शोधून दिला. पण मला सावे दादा आठवले. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. त्यांनी १८९९ साली विलायतेहून आणवलेल्या कॅमेऱ्यावर हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, पण फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली होती. सव्वाशे वर्षांनंतरही आपण तेच करायचं? मग फाळके आठवले, ज्यांच्या घरी दादरला फिल्म धुण्यापासून ती अंधारात बसून भोकं पाडण्यापर्यंतची कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. हे मी बायकोला जरा सूचक स्वरात ऐकवलं. ती म्हणाली, "फाळके आधी लंडनला जाऊन शिकून आले होते. तुम्हीही जा. सावकाश या."

तेव्हा एकटाच. मित्राकडून सोव्हिएत काळातली एक टाकी मागवली होती, आत प्लास्टिकची सर्पिल चकती, तिच्या खाचेत पंधरा मीटर फिल्म अंधारात चाचपडत भरायची, थराला थर चिकटू न देता. मग रसायनांची रांग. रिव्हर्सलची युक्ती मोठी मजेची आहे. पहिल्या डेव्हलपरमध्ये उजेड लागलेली चांदी काळी होते. मग ब्लीच ती काळी चांदी खाऊन टाकतं. मग उरलेल्या चांदीला मुद्दाम उजेड दाखवायचा आणि दुसऱ्या डेव्हलपरने ती काळी करायची. म्हणजे जिथे आधी उजेड पडला असेल तिथे शेवटी फिल्म कोरी करकरीत होते. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

रात्री अकरा वाजता बाथरूमच्या दाराच्या फटीत टॉवेल कोंबले. सगळी रसायनं वीस अंश सेल्सिअसला हवीत. मानेसरला मे महिन्यात गार पाण्याचा नळ सोडला की हात भाजतो, गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात असते. म्हणून बादलीत माठाचं पाणी, त्यात पन्ह्यासाठी आणलेला सगळा बर्फ, आणि बर्फात बाटल्या, लग्नातल्या कोल्ड्रिंकसारख्या. एवढ्यात वीज गेली. मी हरखलो. आयता अंधार! तसंही दिवा बंद करायचाच होता, तो बंदच आहे अशा समजुतीने मी पकडीने कार्ट्रिज फोडलं आणि फिल्म भरायला लागलो. घामाने बोटं ओली, फिल्म खाचेतून सुटते, परत बसवतो, मान अवघडलेली, डासांना मात्र अंधारात उत्तम दिसत होतं. पाऊण फिल्म भरून झाली होती.

आमच्या सोसायटीत वीज गेली की मिनिटा-दोन मिनिटांत जनरेटर सुरू होतो, आणि त्याबद्दल आम्ही महिन्याला चांगले पैसे मोजतो. त्या रात्री मात्र तो बराच वेळ लागला नव्हता. तो लागला. आरशावरचा दिवा लखकन पेटला, आणि आरशात मला दिसला बनियन-लुंगीतला एक मध्यमवयीन गृहस्थ, गळ्यात फिल्मचे वेटोळे, चेहऱ्यावर नंदीसारखा भाव. मला त्याची क्षणभर दया आली. मग मी बटणावर झडप घातली.

त्यापुढे थांबायला हवं होतं. पण क्वालिटीचा माणूस प्रक्रिया अर्धवट सोडत नाही. डेव्हलपर विसावर सुरू झाला, बर्फ वितळत गेला आणि संपला तेव्हा तापमापी सत्तावीस दाखवत होता. ब्लीचसाठी पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे आपलं लाल औषध, ते औषधाच्या दुकानातून आणलेलं, आणि त्यात घालायचं पातळ गंधकाम्ल बॅटरीवाल्याकडचं. ते ओतताना हात थरथरला नाही हे मी अभिमानाने सांगतो. फक्त जरा बाजूला ओतलं गेलं. सकाळी बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर तपकिरी डाग होते, बादलीत होते, मगवर होते, माझ्या दोन्ही तळहातांवर होते, आणि डाव्या कानावर होते, जिथे मी विचार करताना खाजवतो. मी विलायती रसायनांची नावं शोधत बसलो होतो. आईने लिंबू कापलं आणि फोडीने फरशी घासायला घेतली. गावच्या विहिरीत लाल औषध टाकत तेव्हापासून तिला हे डाग ठाऊक होते. अर्ध्या तासात फरशी स्वच्छ झाली. कान अजून जरा पिवळसर आहे.

पंधरा मीटर फिल्म वाळत घालायची म्हणजे पंख्यापासून कपाटापर्यंत, कपाटापासून देवघरापर्यंत आणि परत. पाहुण्यांपैकी कोणी तरी विचारलं, "कुरडया घातल्यात का?" बाहेर राजस्थानाकडून धुळीचं वादळ आलं होतं. खिडकी कोणी उघडली ते सांगत नाही. मीच होतो.

दुसऱ्या रविवारी नानांचा प्रोजेक्टर लावला, भिंतीवर चादर ताणली. आईच्या श्रवणयंत्रात नवे सेल. मी छोटंसं प्रास्ताविक केलं आणि रीळ सोडलं.

आता हिशेब ऐका. जनरेटरने दिवा लावला तेव्हा चकतीत भरलेली सगळी फिल्म, म्हणजे ओवाळणी, तुला, नातवंडं, भाषण, उजेड पिऊन बसली होती. ती सगळी कोरी. दीड-दोन मिनिटांहून जास्त वेळ चादरीवर फक्त पांढरा झोत आणि त्यात मानेसरची धूळ. पण पाव फिल्म त्या वेळी अजून गाभ्यावर घट्ट गुंडाळलेली होती, थराखाली थर, आणि सगळ्यात आत होतं ते सगळ्यात आधी टिपलेलं. ती वाचली. रिळाच्या सुरुवातीचे ते पन्नास सेकंद. त्यांतले अडतीस पिशवीतले. ते काळे आहेत, आणि पुण्याच्या मित्राच्या मते असा दाट, एकसारखा काळा रंग उत्तमोत्तम लॅबलाही साधत नाही.

उरले बारा सेकंद. बाल्कनीतलं सकाळचं ऊन, मागे अरवली, सगळं काचेसारखं स्वच्छ, कॅमेरा जराही हललेला नाही. आणि चौकटीच्या बरोब्बर मधोमध कद नेसलेला, उघडाबंब मी, दोन्ही हात हवेत, तोंडाचा आ वासून काही तरी जिवाच्या आकांताने सांगतोय. आवाज नाही. सगळे हसून हसून लोळत होते. आई तेवढी गंभीरपणे बघत होती.

"काय रे सांगत होतास एवढं?"

"दाबू नकोस म्हणत होतो, आई."

"मग तसं सांगायचं नाही का आधी?"

ते कोडॅक्रोमचं कार्ट्रिज अजून आमच्या फ्रिजमध्ये आहे, दह्याच्या भांड्यामागे, आणि ती गोल चकतीही. दिल्ली-जयपूर रस्त्याने कधी आलात तर दोन्ही घेऊन जा, चहाही होईल. येण्याआधी गेटवर मात्र एवढंच सांगा, की पाहुणे आहोत. काय न्यायला आलात ते सांगू नका.